गिटारची तार तुटली? आधी कुठे तुटली ते बघा

तार तुटली की बहुतेक जण ती गुंडाळून कचऱ्यात टाकतात आणि नवी आणायला निघतात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी एक शिस्त लावली आहे: तुटलेल्या तारेचे दोन्ही तुकडे आणून दाखवायचे, मग नव्या तारेचं बघू. सुरुवातीला पोरांना हा सरांचा काहीतरी विक्षिप्तपणा वाटतो. पण तार कुठे तुटली हे कळलं की ती का तुटली हे निम्म्याहून अधिक कळतं, आणि ‘नशीब खराब’ किंवा ‘तार लोकल होती’ ही दोन उत्तरं त्यात क्वचितच बसतात.

एक प्रसंग सांगतो. अकरावीतला एक मुलगा महिनाभरात चौथ्यांदा पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक, तार तोडून आला. ‘हा गिटार वाजवतो की कुस्ती खेळतो?’ असं त्याच्या वडिलांनी मला फोनवर विचारलं होतं. खरं तर पोरगा तारेला गोंजारल्यासारखा वाजवायचा. त्याने आणलेले तुकडे टेबलावर ओळीने मांडले. चारही वेळा एक तुकडा जवळजवळ अख्ख्या तारेएवढा लांब, आणि दुसरा नुसता स्प्रिंगसारखा वेटोळा. म्हणजे तार वाजवण्याच्या जागी तुटतच नव्हती, वर खुंटीच्या खांबापाशी, म्हणजे खुंटी पिळली की जो फिरतो आणि ज्यावर तार गुंडाळली जाते त्या दांड्यापाशी, तुटत होती. निरांजनासाठी वळतात तशी कापसाची बारीक वात वळली, खांबाच्या भोकातून ओवली आणि ओढून काढली. वात बाहेर आली, पण कापसाचे दोन-तीन तंतू भोकाच्या काठावर अडकून लोंबत राहिले. भोक पाडताना धातूची बारीक धार तिथे राहून गेली होती. दहा मिनिटांचं घासकाम झालं आणि पाचवी तार तीन महिने टिकली.

या लेखात तेच करायचं आहे. तार कुठे तुटली ते बघायचं आणि तिथून मागे जात कारण शोधायचं. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारबद्दलच बोलतोय. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारचं गणित वेगळं. त्या गिटारवर स्टीलच्या तारा चढवण्याची हौस कोणी करू नये. तिथे तार टिकेल, ब्रिज (गिटारच्या पोटावरची तारा अडकवायची लाकडी पट्टी) उखडून हातात येईल.

तारेवर ओझं किती?

आपल्याकडे सर्रास मिळणारा ‘लाइट’ सेट म्हणजे पहिली तार ०.०१२ इंच आणि सहावी ०.०५३ इंच. हा सेट नेहमीच्या सुरांना लावला की सहा तारांचा मिळून ताण साधारण ७४ किलो भरतो. एक मोठा माणूस गिटारच्या मानेला लोंबकळतोय असं समजा. त्यातली पहिली तार एकटी साडेदहा किलो पेलते. तिची जाडी मिलिमीटरच्या एकतृतीयांशाहून कमी. चांगली, निर्दोष तार सरळ ओढत नेली तर साधारण १९-२० किलोला तुटेल. म्हणजे भिंतीवर नुसती टांगलेली असतानाही ती आपल्या दमाच्या निम्म्याहून जास्त ताणलेली असते. अशा अवस्थेत तिला एखादी धार, गंजाचा एखादा खड्डा किंवा घट्ट पीळ एवढं निमित्त पुरतं.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. ‘तार तुटते का, मग जाड गेज लाव,’ असा सल्ला फार दिला जातो. जाड तार जास्त ओझं पेलते हे खरं. पण तोच सूर गाठायला तिला तेवढीच जास्त ओढावीही लागते. हिशोब शेवटी बरोबरीत सुटतो. ०.०१० ची तार आणि ०.०१२ ची तार, एकाच लांबीच्या गिटारवर एकाच सुराला लावल्या, तर दोघी आपापल्या ताकदीच्या जवळपास सारख्याच टक्क्यांवर ताणलेल्या असतात. जाड तारेचा फायदा एवढाच की पिकचे (तार छेडायच्या चपट्या तुकड्याचे) ओरखडे आणि गंज ती थोडा जास्त काळ सोसते. मूळ दुखणं धारेचं असेल तर जाड तारही तुटणारच.

आणि तिसरी तार? ती तर पहिलीपेक्षा दुप्पट जाड दिसते, तरी वारंवार तुटते. याचं कारण तिच्या पोटात आहे. तिसरीपासून पुढच्या तारांना आत स्टीलचा गाभा आणि वरून ब्राँझचा वेढा असतो. वेढ्याने तारेचं वजन वाढतं आणि सूर खाली येतो, पण ओझं सगळं गाभ्यावरच. तिसरीचा गाभा जवळपास पहिल्या तारेइतकाच बारीक, आणि तिच्यावरचा ताण पावणेचौदा किलोच्या घरात. दिसायला धष्टपुष्ट, आतून हडकुळी. माझ्या डब्यातल्या तुटक्या तारांत पहिलीच्या खालोखाल तिसरीच आहे.

सूर चढवताना तुटली असेल तर

वाजवताना नव्हे, ट्यून करतानाच तार तुटली, तर गिटार तपासण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा.

पहिला: मी वाजवत होतो एक तार आणि पिळत होतो दुसरीच खुंटी, असं तर झालं नाही? हसू नका. नवख्यांच्या तारा तुटण्याचं माझ्या मते हेच पहिल्या नंबरचं कारण आहे. बोट पहिली तार छेडतंय, ट्यूनरवर काटा हलत नाही म्हणून हात पिळतोच आहे, आणि तिकडे बिचारी दुसरी तार मुकाट्याने चढत चढत फाट्कन जाते. खुंटीला हात लावण्याआधी तार नटपासून (मानेच्या वरच्या टोकाच्या खाचा असलेल्या पट्टीपासून) वर खांबापर्यंत बोटाने माग काढत जा. पंधरा दिवसांत सवय होते.

दुसरा: सूर ओलांडला तर नाही? मोबाइलवरचा ट्यूनर अक्षर दाखवतो. नवी तिसरी तार लावताना ‘जी’ नकळत मागे पडतो, पडद्यावर ‘जी शार्प’ दिसतं, तार अजून खालीच आहे असं समजून आपण पुढच्या ‘जी’च्या शोधात निघतो. एक सप्तक वर म्हणजे ताण चौपट. तार तिथवर पोचतच नाही, वाटेतच तुटते. प्रत्येक अर्ध्या स्वराला ताण साधारण १२ टक्क्यांनी वाढतो. पहिली तार ‘ई’वरून ‘ए’पर्यंत नेली तर ती १८-१९ किलोवर पोचते. तिथे तुटली तर कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. म्हणून कानाचा पडताळा ठेवा. तिसरी तार चौथ्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) दाबली की मोकळ्या दुसरीचा सूर मिळतो, दुसरी पाचव्या फ्रेटवर दाबली की मोकळ्या पहिलीचा. फरक फार वाटला की थांबा.

साथ करणाऱ्यांचा एक वेगळा घोळ असतो. गायक म्हणतो, ‘माझी काळी दोन,’ म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी, ‘डी शार्प’. नवा गिटारवाला काय करतो, अख्खी गिटार अर्धा स्वर वर चढवून ‘डी’चे कॉर्ड वाजवतो. ७४ किलोचे ८३ झाले. गिटारचं पोट फुगलं, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) वाढली, आणि मध्यंतराच्या आत एक तार गेली. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा आणि तेच ‘डी’चे आकार वाजवा, मिळाली काळी दोन. काळी चार हवी असेल तर तिथेच ‘जी’चे आकार. कॅपोने तारेची लांबी कमी होते, ताण जवळपास तेवढाच राहतो. बारा तारांच्या गिटारवाल्यांनी तर हे पाठच करावं. तिथली बारीक ‘जी’ पहिल्या तारेच्याही वरच्या सुराला लावलेली असते, ती कायम तुटायच्या उंबरठ्यावर. जाणकार लोक बारा तारी मुळात एक स्वर खाली लावतात आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो चढवतात.

खुंटीच्या खांबापाशी तुटली

वर सांगितलेली वातीची चाचणी करा. कापूस अडकला तर धार आहे. सोनार वापरतात तसली सुईसारखी गोल कानस असेल तर भोकाच्या दोन्ही तोंडांवर हलक्या हाताने चार-पाच वेळा फिरवा. नसेल तर जुनी पाचवी किंवा सहावी तार भोकातून ओवा आणि करवतीसारखी मागे-पुढे ओढा. तिचा खरखरीत वेढाच कानसचं काम करतो. पुन्हा वात ओढून बघा. भोक मोठं करायचं नाही, काठ मोडायचा आहे.

धार नसेल तर दोष तार गुंडाळण्यात असतो. खांबावर एकावर एक चढलेले वेढे, किंवा अर्धाच वेढा देऊन काटकोनात मोडलेली तार, दोन्ही वाईट. त्याहून वाईट म्हणजे काढून परत लावलेली तार. फ्रेटबोर्ड पुसायला तारा काढल्या आणि ‘अजून चांगल्या आहेत’ म्हणून त्याच चढवल्या, की तुटण्याची शक्यता चांगलीच वाढते. खांबावर एकदा वाकून बसलेलं स्टील आपण सरळ करतो, परत वाकवतो. डब्याचं पत्र्याचं झाकण पुढे-मागे वाकवून तोडतात ना, तसंच. म्हणून साफसफाई नव्या सेटच्या दिवशीच उरकायची.

याच कारणाने ‘वाजवून झालं की तारा सैल करून ठेव’ हा वडीलधारा सल्लाही मी मोडीत काढला आहे. रोज सैल, रोज घट्ट, म्हणजे तोच सांधा रोज वाकवणं. शिवाय मानही त्या ताणाच्या हिशोबाने जुळवलेली असते. दोन-तीन महिने हात लागणार नसेल, किंवा गिटार पार्सलने वा विमानाने जाणार असेल, तर एखाद-दोन स्वर खाली उतरवा. एरवी सुरात राहू द्या.

नटपाशी तुटली

ट्यून करताना वरच्या पट्टीतून ‘टिक्’ असा आवाज येतो का? सूर सरकत न वाढता एकदम उडी मारतो का? मग तार नटच्या खाचेत अडकते आहे. खुंटी पिळताना ताण खांब आणि नट यांच्यामधल्या दोन इंचांत साठतो आणि मग झटक्यात सुटतो. बारीक सेटवरून जाड सेटवर गेलेल्यांना हे हमखास भेटतं, कारण खाच जुन्याच तारेच्या मापाची असते.

साधा उपाय शिसपेन्सिलीचा. तार जरा सैल करून खाचेबाहेर घ्या, २बी किंवा त्याहून मऊ पेन्सिलीचं टोक खाचेत घासा, काळी पूड आत बसू द्या. ग्रॅफाइटने तार सरकते. एवढ्याने भागलं नाही तर जाड तारांच्या खाचा ६०० नंबरच्या वॉटर पेपरची घडी करून बाजूंनी किंचित रुंद करता येतात. तळाला मात्र हात लावू नका. खाच केसभर जास्त खोल गेली तरी मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरायला लागते आणि नवा नट बसवण्यावाचून गत्यंतर नसतं. पहिल्या-दुसऱ्या तारेच्या खाचा मी स्वतःही घाईत करत नाही. तिथे दुरुस्तीवाल्याकडे जावं, पैसे वसूल होतात.

सॅडलपाशी तुटली

अकूस्टिकवर ही जागा सगळ्यात महत्त्वाची, म्हणून जरा सावकाश बघू. तार ब्रिजच्या भोकातून वर येते आणि सॅडलच्या, म्हणजे ब्रिजमध्ये उभ्या बसवलेल्या पातळ पट्टीच्या, माथ्यावर तीव्र कोनात वळून पुढे जाते. उजवा हात जवळच, प्रत्येक फटक्याचा हिसका याच वळणावर बसतो. इथे धार असेल तर तार रोज थोडी थोडी कापली जाते.

तंबोरा बघितला असेल तर फरक लगेच कळेल. तंबोऱ्याची घोडी पसरट असते. मिरजेचे कारागीर ती घासून घासून अशी गोलाई काढतात की तार तिला चाटत चाटत सुटते, आणि त्यातून जवारीचा तो झंकार निघतो. गिटारला तो झंकार नको. इथे तार एका रेषेवर स्वच्छ सुटायला हवी. पण म्हणून ती रेष सुरीसारखी असता कामा नये. बऱ्याच स्वस्त गिटारींत साच्यातून आलेल्या प्लास्टिक सॅडलची कड तशीच सोडलेली असते. जुन्या सॅडलमध्ये बारीक तारांनी खोल चरे पाडलेले असतात, त्या चऱ्यांच्या कडाही तशाच टोकदार.

तपासायचं असं. मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन, मोठं करून, सॅडलचा माथा बाजूने उजेडात बघा. मग तार सैल करून बाजूला सारा आणि त्या जागेवरून नख फिरवा. नख अडखळलं तर काम आहे. सगळ्या तारा सैल करा, सॅडल काढा (पक्कड वापरायची तर मध्ये कापड धरा) आणि जाड तारांच्या बाजूला पेन्सिलीने खूण करा, नाहीतर उलटा बसतो. ६०० च्या वॉटर पेपरने माथ्यावर तारेच्या दिशेने, पुढून मागे गोलाकार, आठ-दहा हलके हात. मग १०००चा पेपर. शेवटी सुती फडक्यावर थोडी टूथपेस्ट घेऊन चमक आणा. उंची कमी होऊ द्यायची नाही, आणि दुसऱ्या तारेपाशी मुद्दाम मागे सरकवलेली पायरी असेल तर ती घासून टाकायची नाही, ती सुरासाठी आहे. सॅडलच्या तळाला तर स्पर्शही नको, विशेषतः खाली पिकअप (तारांचा आवाज ॲम्प्लिफायरपर्यंत पोचवणारा भाग) असेल तर. तळ वेडावाकडा झाला की एखादी तार ॲम्प्लिफायरमधून ऐकूच येत नाही.

सॅडलचंच एक फसवं दुखणं आहे. बिनवेढ्याच्या तारेच्या टोकाला पितळी गोळी असते आणि तिच्या वर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर तार स्वतःभोवतीच पिळलेली असते. हा पीळ ब्रिजच्या भोकात लपायला हवा. तो वर येऊन सॅडलवर बसला असेल तर तार तिथेच, पिळाच्या शेवटी, तुटणार. असं का होतं? गोळी पिनच्या (तार भोकात धरून ठेवणाऱ्या खिळीच्या) टोकाखाली अडकून राहते, नीट बाजूला होऊन ब्रिजखालच्या आतल्या फळीला टेकत नाही. किंवा वर्षानुवर्षं गोळ्यांनी ती फळीच खाऊन टाकलेली असते. पहिल्या कारणावर उपाय सोपा. गोळीकडचं टोक बोटाने किंचित वाकवा, भोकात घाला, पिनची खाच तारेकडे ठेवून पिन दाबा आणि दाबतानाच तार वर ओढा. गोळी ‘टक्’ करून बसलेली हाताला कळते. फळी झिजली असेल तर खरी दुरुस्ती कारागिराचीच, पण तोवर एक जुगाड चालतो. जुन्या तारेची गोळी कापून मोकळी करा आणि नवी तार तिच्यातून ओवून घ्या. आता दोन गोळ्या झाल्या, वरची फळीला टेकते आणि पीळ तीनेक मिलिमीटर खाली राहतो. माझ्या स्वतःच्या जुन्या गिटारवर हा तात्पुरता उपाय दोन वर्षं चालू आहे.

फ्रेटवर किंवा मधेच तुटली

ही मुख्यतः म्हातारपणाची लक्षणं. तारेच्या पोटाखालून नख फिरवा. फ्रेटच्या जागी खाचा लागत असतील, वेढा चपटा झाला असेल, बिनवेढ्याच्या तारेवर काळपट ठिपके हाताला खरखरीत लागत असतील, तर तारेचं आयुष्य संपलं आहे. ती तुटायची वाट बघू नका. तिचा सूरही एव्हाना बाराव्या फ्रेटवर चळलेला असतो. तार नवी असून एकाच फ्रेटवर परत परत तुटत असेल तर त्या फ्रेटवर खड्डा आहे. तो फ्रेट घासून घ्यावा लागेल.

तार साउंडहोलच्या (पोटावरच्या गोल भोकाच्या) आसपास तुटली तर पिककडे बघा. जोरदार स्ट्रमिंगला दीड मिलिमीटरचा दगडी पिक कशाला? ०.४६ ते ०.७३ मिलिमीटरचा पिक वाकतो आणि तारेला सोडून देतो. कड झिजून करवतीसारखी झालेला पिक फेकून द्या. आणि फटका सॅडलच्या अगदी जवळ मारू नका. तिथे तार ताठ असते, हिसका सरळ त्या वळणावर जातो.

घाम, खारा वारा आणि पावसाळा

मी कोकणात राहतो, त्यामुळे या विषयावर जरा हक्काने बोलतो. बिनवेढ्याच्या तारांवर बहुधा कथलाचा पातळ थर असतो. तो बोटांनी आणि पिकने घासला गेला की खाली निव्वळ स्टील. घामातलं मीठ आणि हवेतला ओलावा मिळाले की गंजाचे खड्डे पडतात, आणि तार त्या खड्ड्यावरच तुटते. जून ते सप्टेंबर तर बघायलाच नको. पुण्यात तीन महिने चालणारा सेट इथे दीड महिन्यात काळा पडतो.

बचाव कंटाळवाणा आहे, पण कामाचा. वाजवण्याआधी हात धुऊन कोरडे करा. झाल्यावर सुती फडक्याने प्रत्येक तार चिमटीत धरून वरून आणि खालून पुसा. खालची बाजू सगळे विसरतात, आणि मळ तिथेच साठतो. एक मिनिटाचं काम आहे. गिटार बॅगेत ठेवत असाल तर सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या अधूनमधून बदला. पावसात भिजलेली बॅग मात्र गिटारसकट बंद ठेवू नका.

तारांना खोबरेल तेल लावणारे महाभाग मी पाहिले आहेत. शिवणयंत्राचं तेल लावणारेही. तेल वेढ्यात शिरतं, मळ धरून ठेवतं, फ्रेटबोर्डात मुरतं आणि आठवड्याभरात तार मुकी होते. तेल डोक्याला लावा.

प्लास्टिकचा अतिशय पातळ थर दिलेल्या, म्हणजे कोटेड, तारा समुद्रकाठी राहणाऱ्यांना आणि घामट हातांना नक्की परवडतात. किंमत दुप्पट-तिप्पट असली तरी टिकतातही त्याहून जास्त. पण त्यांचं कवच गंजापासून आहे, धारेपासून नाही. धारदार सॅडलवर महागडी तार स्वस्त तारेइतक्याच तत्परतेने तुटते. आधी गिटार नीट करा, मग कोटेड घ्या. दुकानात पाकीट घेतानाही बघा. नुसत्या कागदी पाकिटात वर्षभर पडून राहिलेला सेट दमट गावात न वाजवताच गंजलेला निघू शकतो. हवाबंद प्लास्टिकमधला घ्यावा. नामांकित नावांची नकली पाकिटंही फिरतात. भाव अविश्वसनीय वाटला तर विश्वास ठेवू नका.

नवी तार बसवताना

जुनी तार आधी पूर्ण सैल करा, मगच कटर लावा. ताणलेली तार कापली तर टोक चाबकासारखं उडतं. सूर चढवताना चेहराही गिटारपासून लांब ठेवा. चष्मा असेल तर घाला.

गोळी वर सांगितल्याप्रमाणे बसवा. तार नटच्या खाचेतून नेऊन खांबाच्या भोकात ओवा आणि ताठ ओढा, मग मागे ढील द्या. वेढ्याच्या तारांना साधारण दोन इंच, बिनवेढ्याच्या दोघींना तीन इंच. त्यातून खांबावर वेढ्याच्या तारेचे दोन-तीन आणि बारीक तारेचे चार-पाच वेढे बसतात. भोकापाशी टोक बोटाने वाकवून मग पिळायला घ्या. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या खाली, एकावर एक नाही. खांब नेहमी असा फिरवा की तार गिटारच्या डोक्याच्या (खुंट्या असतात त्या भागाच्या) आतल्या बाजूने जाईल. वेढ्याची तार आधी वाकवा आणि मगच जास्तीचं टोक कापा. सरळ तार कापली तर काही तारांचा वेढा गाभ्यावरून सुटतो, आणि तार न तुटताच मेलेली असते.

सुराच्या जवळ आणा, मग बाराव्या फ्रेटपाशी तारेखाली बोट घालून अर्धा इंच हळूच उचला. सूर उतरेल, परत चढवा. तीन-चार वेळा. पहिल्या तारेशी जरा प्रेमाने. उरलेली टोकं खांबापासून दोन-तीन मिलिमीटरवर कापा. लांब ठेवलेली टोकं बोटात सुईसारखी घुसतात, आणि बॅगेचं अस्तर फाडतात ते वेगळंच.

किती दिवसांनी बदलायच्या? रोज तासभर वाजवणाऱ्याला मी दोन-तीन महिने सांगतो, कोकणच्या पावसाळ्यात दीड. कार्यक्रम असेल तर दोन दिवस आधी. आदल्या रात्री नाही, कारण नव्या तारा सुरात स्थिरावायला वेळ घेतात.

आणि कार्यक्रमातच तुटली तर

एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये दुसऱ्या अंतऱ्यात माझी तिसरी तार गेली होती. तेव्हा जे शिकलो ते सांगतो. एक तार गेली की तेवढं ओझं मानेवरून आणि पोटावरून उतरतं आणि उरलेल्या पाच किंचित चढतात. म्हणून सगळं बेसूर लागतं आणि आपण घाबरून चुकीचे कॉर्ड वाजवतोय असं वाटतं. तुटका तुकडा फ्रेटबोर्डवरून झटकून बाजूला करा, थोपटल्यासारखी लय चालू ठेवा आणि खालच्या सुराच्या दोन जाड तारांवर नुसता कॉर्डचा मूळ स्वर धरा. गाणं संपेपर्यंत एवढं पुरतं. पहिली तार गेली असेल तर श्रोत्यांना बहुधा कळतही नाही. मधल्या कडव्यात ट्यून करायला जाऊ नका.

बॅगेच्या पुढच्या कप्प्यात माझ्याकडे तेव्हापासून सुट्या तारा असतात, दोन पहिल्या आणि दोन तिसऱ्या. शिवाय वाइंडर (खुंटी भराभर फिरवायची दांडी), छोटा कटर, सहाशेच्या वॉटर पेपरचा तुकडा, बोटभर पेन्सिल आणि कापूस. दुकानात सुट्या तारा मागितल्या तर मिळतात. त्यासाठी अख्खा सेट फोडायची गरज नाही.